मुंबईचा दमट उन्हाळा: कमीत कमी एसीत घर आणि घरातली माणसं गार कशी ठेवायची?

वऱ्हाडी_मुंबईत | १९ एप्रिल, रात्री १०:५२

मंडळी, अनुभवाचे बोल हवे आहेत.

कांदिवली पूर्वेला सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचं घर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा अकोल्याहून महिनाभरासाठी येतायत. बाबा पंचाहत्तरीला टेकलेत, बीपीची गोळी चालू आहे. अकोल्याचा ४४ अंशांचा उन्हाळा या माणसाने सायकलवर काढलाय, पण मुंबईच्या ३४ अंशांत ते दुपारपर्यंत पार गळून जातात. मागे आले होते तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडे ऊन नाही, पण जीव घाबरा होतो." एसी एकाच खोलीत आहे आणि रात्रभर तो दोघांनाही सोसत नाही, सांधे धरतात.

आता बाबा फोनवर विचारतायत की घरचा कूलर सोबत आणू का.

व्हॉट्सॲपवर फिरणारे उपाय बहुतेक कोरड्या हवेतले असतात: ओले पडदे, फरशीवर पाणी, वाळ्याच्या ताट्या. लहानपणी आम्ही हेच करायचो आणि तिथे ते अगदी बरोबर होतं. मला मुंबईत चालणारे उपाय हवेत. घर, झोप, खाणंपिणं, प्रवास, काहीही सांगा. घर स्वतःचं आहे, थोडाफार खर्च करायची तयारी आहे.


हवामानवेडा | १९ एप्रिल, रात्री ११:३०

कूलर नको. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे बाबांनाही समजावता येईल.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा खाली उतरतो आणि एका आकड्यावर थांबतो. पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त तेवढीच गार करता येते, कूलर कितीही महागाचा असो. अकोल्याला ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा साधारण २४ येतो. म्हणजे कूलरला खेळायला १८ अंशांची जागा. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा, आकडा येतो साडेअठ्ठावीसच्या आसपास. जेमतेम साडेपाच अंश, आणि त्या बदल्यात खोलीतली हवा ओलीचिंब. आपलं शरीरही घाम वाळवूनच गार होतं, म्हणून हवा जितकी ओली तितका शरीराचा स्वतःचा कूलर बंद पडत जातो. बाबांचा जीव घाबरा होतो तो यामुळेच, त्यांच्या मनाचा खेळ नाही तो.

पंख्यासमोर बर्फाचं पातेलं ठेवायचा उपायही कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. दोन किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी एक टनाचा एसी साधारण तीन मिनिटांत बाहेर फेकतो. शिवाय तो बर्फ तुमच्याच फ्रिजने, तुमच्याच घरात उष्णता सोडून बनवलेला असतो.

मुंबईला खरा आधार खाऱ्या वाऱ्याचा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा आत येतो आणि पारा तिथेच अडतो. मार्चमध्ये कधीकधी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा येतो, आणि मग सांताक्रूझ वेधशाळेत चाळिशी गाठली जाते. २८ मार्च १९५६ ला तिथे ४१.७ अंशांची नोंद आहे. मेमध्ये पारा तेवढा चढत नाही, पण आर्द्रता वाढते आणि रात्रही २७-२८ अंशांच्या खाली जात नाही. तुमचे आई-बाबा नेमके त्या महिन्यात येतायत. किनारपट्टीला उष्णतेची लाट जाहीर होते ती तापमान ३७ च्या वर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त असेल तेव्हा. नुसत्या घुसमटीचे दिवस उष्णतेच्या लाटेत धरले जात नाहीत. त्यामुळे फोनवर तापमानासोबत आर्द्रताही बघायची सवय लावा.


आजीचा_बटवा | २० एप्रिल, सकाळी ७:१५

कूलरबद्दल सहमत. नुसता पंखा म्हणून लावला तरी अर्धी खोली अडवतो.


गच्चीखालची | २० एप्रिल, सकाळी १०:०५

वरचा मजला म्हटल्यावर मला लिहायलाच हवं. मी मुलुंडला वरच्याच मजल्यावर राहते.

तुमचा खरा शत्रू डोक्यावरचा स्लॅब. १५ मेच्या सुमाराला मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी १२:३५ च्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्यामुळे मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मारा गच्चीवर. काँक्रीट ती उष्णता दिवसभर पिऊन घेतं आणि रात्री खाली सोडतं. रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा, आणि मग त्याच हाताने भिंत. छत अंगात ताप असल्यासारखं लागतं. पंखा त्याच्या खालीच असतो, ती तापलेली हवा तो तुमच्यावर ढकलतो. एसीसुद्धा आधी या स्लॅबशी झगडतो, मग तुमच्यापर्यंत पोचतो.

म्हणून पैसे खर्च करायचे तर गच्चीवर करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची खराट्याने झाडून शेवाळ खरवडून काढायचं, चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉल मिसळायचा आणि दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याला आडवा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच. पावसाळ्यात हा थर धुऊन जातो, दरवर्षी नव्याने करावा लागतो. टिकाऊ हवं असेल तर उष्णता परतवणारा पांढरा रंग मिळतो, किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझेक, जो मुंबईत गळतीसाठी पूर्वीपासून करतात. आमच्याकडे चुना मारल्यावर रात्रीच्या छतात जो फरक पडला तो हाताला सरळ कळतो.

गच्ची सोसायटीची असते, तेव्हा लेखी परवानगी घ्या. तिथे माझा अनुभव कडवट आहे, कारण खालच्या मजल्यांना ही झळ लागतच नाही आणि "तुमच्या सोयीसाठी सोसायटीने का खर्च करायचा" हा प्रश्न येतो. चुन्याचा खर्च वरच्या मजल्यावरच्या घरांनी वाटून घेतो म्हटल्यावर आमच्याकडे विरोध मावळला.

अजून एक. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारनंतर इतकं तापतं की आंघोळीने उकाडा वाढतो. सकाळी पाणी येतं तेव्हाच दोन बादल्या भरून न्हाणीघरात झाकून ठेवा. संध्याकाळी बाबांना त्या पाण्याने आंघोळ करू द्या.


चाळकरी | २० एप्रिल, दुपारी १:४०

गच्चीखालची यांनी छताचं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगतो. जन्म गिरगावातल्या चाळीत गेला. तिथे दाराला जाळीचा अर्धा दरवाजा, दारावर झरोका, समोर गॅलरी आणि मागे खिडकी. वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायचा. नव्या इमारतींत सरकत्या खिडक्या असतात, त्या कितीही उघडल्या तरी निम्मी खिडकी बंदच राहते. आणि मुख्य दार दिवसरात्र बंद. वाऱ्याला निघायला वाट नसेल तर तो आतही येत नाही.

तेव्हा लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर आतलं लाकडी दार संध्याकाळी उघडं ठेवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फक्त फोडणीपुरता न लावता संध्याकाळी तास-दोन तास चालू ठेवा आणि बैठकीची खिडकी उघडा. सगळ्या घरातून हवा ओढली जाते. दुपारी, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असताना, पश्चिमेच्या खिडक्या बंद आणि झाकलेल्या.

पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं. बांबूची चिक किंवा हिरवी नेट ग्रिलला बाहेरून बांधा. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे वायव्येची खिडकी विसरू नका.

आणि हे तर आजच्या आज करा: डासांची जाळी काढून धुवा. आमच्या घरी जाळी काढून उजेडासमोर धरली तर भोकं दिसेनात, रस्त्यावरची धूळ आणि स्वयंपाकाची तेलकट वाफ मिळून राखाडी गोधडी झाली होती. साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासली. त्याच खिडकीतून संध्याकाळी कॅलेंडरची पानं फडफडायला लागली. पंख्याची पातीही पुसा, धुळीने वारा कमी होतो.


खिडकीपाशी | २० एप्रिल, दुपारी ३:२०

चाळकरींच्या यादीत एक भर. घरात कपडे वाळत घालू नका. सहा जणांचे धुतलेले कपडे म्हणजे काही लिटर पाणी, ते सगळं घरातल्या हवेतच जातं. दुपारी ओला पोछा मारायची सवयही उन्हाळ्यात सकाळी न्या, खिडक्या उघड्या असताना. पाणी घराबाहेर वाळलं तर फायदा, घरात वाळलं तर तोटा, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं.


आजीचा_बटवा | २० एप्रिल, संध्याकाळी ६:३०

खाण्यापिण्याचं माझ्याकडे. मेमध्ये स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा. दुपारी गॅस पेटवायचाच नाही. दहीभात, काकडीची कोशिंबीर, मुगाची डाळ भिजवून केलेली वाटली डाळ, सकाळच्या घडीच्या पोळ्या. संध्याकाळी एकच काहीतरी, तेही कुकरमध्ये.

पिण्यासाठी ताक सगळ्यात वर. पातळ, मीठ-जिऱ्याचं. त्यानंतर आगळाचं पाणी. लोक कोकम सरबताच्या बाटल्या आणतात, त्यात साखरच फार. त्यापेक्षा बिनसाखरेचं कोकम आगळ आणून ठेवा, दोन चमचे पाण्यात, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. सोलकढी जेवणासोबत. पन्हं गूळ घालून, पण रोज पेला भरभरून नको, वजन आणि साखर दोन्ही वाढतात. शहाळं चांगलंच, आता किंमत मात्र रोज परवडेल अशी राहिली नाही.

ताडगोळे मिळाले तर सोडू नका. वसई-पालघरकडच्या बायका स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसतात. बोटाने दाबून मऊ लागेल तो घ्या, आत पाणी असतं. टणक झालेला पोटाला जड. वरची पिवळसर साल तुरट असते, लहान मुलांना सोलून द्या.

माठाला लोक मुंबईत नावं ठेवतात. अकोल्याइतकं गार होत नाही हे खरं, तरी खिडकीपाशी वाऱ्यात ठेवला तर घशाला सुखावेल इतकं नक्की होतं. फ्रिजमधल्या बर्फगार पाण्याने पटकन समाधान होतं आणि पाणी कमी प्यायलं जातं. वाळ्याची जुडी माठात टाका, वासानेच जीव शांत होतो.


वैद्यकीय_मत | २० एप्रिल, रात्री ९:१०

मी फिजिशियन आहे. धागाकर्त्यांनी वडिलांची बीपीची गोळी सांगितली म्हणून लिहितोय.

बीपीच्या काही गोळ्यांत लघवीवाटे पाणी काढून टाकणारं औषध असतं. उन्हाळ्यात घामानेही पाणी आणि मीठ जातं, मग बीपी खाली येऊन उभं राहताना चक्कर येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा अर्धी करू नका. निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून या, आणि आल्यावर पहिला आठवडा बीपी बसून आणि उभं राहून मोजा. वयस्क माणसांना तहान उशिरा लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न बघता थोडं थोडं देत राहा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी हे डॉक्टरच ठरवतील.

पंखा मुंबईत भरवशाचा आहे. हवेचं तापमान ४० च्या वर गेलं की वयस्क माणसाला नुसता पंखा पुरत नाही, अंगावर गरम हवेचा झोत बसतो. आपल्याकडे तशी वेळ क्वचित येते. संध्याकाळी आंघोळ, अंग पूर्ण न पुसता पंख्याखाली बसणं, दुपारी मानेवर आणि हातांवर ओला पंचा फिरवणं, हे साधे उपाय मी पेशंटना सांगतो. इथे पाणी अंगावर वाळतं, त्याचा फायदा थेट शरीराला होतो. फोमच्या गादीऐवजी कापसाची गादी किंवा जमिनीवर चटई.

जुलाब किंवा फार घाम झाला तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण बदलू नका, जास्त मीठ घातक ठरू शकतं. घामोळ्यांवर पावडरचे थर देऊ नका, घामाची तोंडं आणखी बुजतात. गार पाणी, सैल सुती कपडे आणि वारा पुरतो.

आता महत्त्वाचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जातोय, अंग भाजल्यासारखं गरम आहे किंवा शुद्ध हरपतेय तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं धरून चालू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला उन्हात बसलेली १४ माणसं दगावली तेव्हा पारा काही विदर्भासारखा ४५ वर नव्हता. किनाऱ्यावरच्या उन्हाला कमी लेखू नका.


आठ_बाराची_लोकल | २१ एप्रिल, सकाळी ९:५०

प्रवासाचं कोणी बोललं नाही. पश्चिम रेल्वेवर सकाळी चर्चगेटकडे जाताना पूर्व डाव्या हाताला असते. संध्याकाळी विरारकडे परतताना पश्चिम डाव्या हाताला. म्हणजे दोन्ही वेळा ऊन डावीकडे, बसायला मिळालं तर उजवी बाजू पकडा. आई-बाबांना कुठे न्यायचं असेल तर एसी लोकल बघून न्या, डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हापेक्षा फेऱ्या आता बऱ्याच आहेत. बॅगेत जास्तीचा पंचा आणि दुसरा शर्ट. घामाने भिजलेल्या शर्टात ऑफिसच्या एसीत बसलं की हुडहुडी ठरलेली.


बोरिवलीची_मावशी | २१ एप्रिल, सकाळी ११:२५

एसीला इतकं टाळू नका हो. पंचाहत्तरीच्या माणसासाठी रात्रीची झोप सगळ्यात महत्त्वाची. सांधे धरतात कारण लोक १८-२० वर लावून थेट झोताखाली झोपतात. २७ वर ठेवा, झडपा वर करा आणि सोबत छताचा पंखा मंद लावा. नाहीतर ड्राय मोड वापरा, तो मुख्यतः हवेतली ओल काढतो आणि मुंबईत त्रास ओलीचाच आहे. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात, त्यामागचा हिशोब हाच की एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते. झोपण्याआधी दीड-दोन तास लावून खोली कोरडी करा, मग बंद करून पंखा. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवे कमी वीज खाणारे बीएलडीसी मोटरचे पंखे ३० च्या आसपास. रात्रभर चालणारा पंखा बदलला तर पैसे फिटतात.


हवामानवेडा | २१ एप्रिल, दुपारी १२:०२

मावशींना पूर्ण अनुमोदन. ड्राय मोडबद्दल लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं.


भांडुप_टेकडी | २१ एप्रिल, रात्री १०:१८

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. पण इथे प्रत्येकाच्या डोक्यावर स्लॅब आहे, म्हणून एक बाजू मांडतो.

आमचं घर पत्र्याचं. दुपारी बारा ते चार आत बसवत नाही. आमच्या गल्लीत निम्म्या बायका घरी बसून टिकल्या पाकिटावर चिकटवायचं काम करतात, नगावर पैसे. पंखा लावला की टिकल्या उडतात, म्हणून भर दुपारी पत्र्याखाली पंखा बंद करून काम चालतं. आईच्या कोपरावरून घामाचा थेंब पाकिटावर पडला की ते पाकीट बाद, त्याचे पैसे नाहीत. म्हणून ती मनगटाला फडकं बांधून बसते. क्रॉस व्हेंटिलेशनला दुसरी खिडकी काढायची तर पलीकडे शेजाऱ्याची भिंत.

या अशा घरासाठी कोणाला काही ठाऊक असेल तर सांगा. खर्च जास्त झेपणार नाही.


गच्चीखालची | २१ एप्रिल, रात्री ११:०५

भांडुप_टेकडी, बरं झालं लिहिलंत. हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या आधी यायला हवा होता.

पत्रा दिवसा पटकन तापतो, पण रात्री पटकन निवतोही, स्लॅबसारखी उष्णता साठवत नाही. म्हणजे लढाई फक्त दुपारची. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग किंवा चुना-फेविकॉल. गंज असेल तर आधी घासून घ्या. आतून पत्र्याच्या वीतभर खाली बांबूची चटई किंवा जुन्या फ्लेक्सचं छत ताणून बांधा, पांढरी बाजू खाली, आणि दोन्ही टोकांना फट ठेवा म्हणजे मधली गरम हवा निघून जाईल. फट ठेवली नाही तर अर्धा उपयोग जातो. फ्लेक्स चुलीपासून, गॅसपासून लांब.


खिडकीपाशी | २१ एप्रिल, रात्री ११:४०

पत्र्यावर ओली गोणपाटंही चालतात, पाणी बाहेर वाळतं म्हणून. पण टेकडीवर पाण्याची टंचाई असेल तर तो उपाय सोडा, भांडी-आंघोळीचं पाणी त्यात घालवू नका. कामासाठी टेबलफॅन जमिनीवर ठेवून झोत पाठीवर आणि पायांवर घ्या, समोर पुठ्ठ्याचा आडोसा. टिकल्या उडणार नाहीत.


भांडुप_टेकडी | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

पुठ्ठ्याचं आजच करून बघतो. फ्लेक्स आमच्याकडे भरपूर मिळतात, निवडणुकीचे पडलेत. रविवारी मित्रांना घेऊन आधी आमचं आणि शेजारच्या आजींचं छत बांधतो.


वऱ्हाडी_मुंबईत | २२ एप्रिल, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हवामानवेडा यांचा २४ आणि साडेअठ्ठावीसचा हिशोब वाचून दाखवला. कूलर अकोल्यातच राहतोय. डॉक्टरांची वेळ आईने घेतली आहे. जाळ्या धुऊन झाल्या, चिक उद्या येतेय.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. अर्ज असा लिहिला आहे: "गच्चीवर चुन्याचे दोन हात मारण्याची परवानगी मिळावी. खर्च सातव्या मजल्यावरील चार घरे करतील. कामापूर्वी गच्चीतील भेगा तपासून त्याची माहिती सोसायटीला दिली जाईल. तसेच गेटजवळ वॉचमन, कचरा नेणारे कर्मचारी आणि पार्सल आणणाऱ्या मुलांसाठी माठ ठेवावा. तो रोज सकाळी घासून भरण्याची जबाबदारी आम्ही घेतो." वॉचमनची केबिन पत्र्याचीच आहे, तिच्यावरही चुना मारा असं एक वाक्य आणखी घालतोय.

भांडुप_टेकडी, आमच्याकडे चुना उरेल आणि ब्रशही आहेत. पत्र्यावर रंग करायचा असेल तर रविवारनंतर कधीही व्यक्तिगत निरोप पाठवा, मी घेऊन येतो. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्यामुळे एप्रिलअखेर काम झालं तर मे पूर्ण मिळेल.


गच्चीखालची | २२ एप्रिल, रात्री १०:४०

अर्जात पाणी निघायची तोंडं साफ करण्याचंही लिहा. चुन्याचा चोथा तिथे साचला तर पहिल्याच पावसात गच्चीवर तळं होईल आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही.